संगणकाला कुलूप लावू इच्छिणाऱ्यांसाठी

आपला संगणक कोणीही उठून चालू करतो, याचा ज्या सद्गृहस्थांना मनस्वी त्रास होतो, त्यांनी सर्वप्रथम बायोसचा, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांआधी जागा होणाऱ्या प्रणालीचा, पासवर्ड ठेवावा. विंडोज सुरू होण्याच्याही आधी काळ्या पडद्यावर एक लहानशी चौकट उगवते आणि पासवर्ड मागते. पाहुण्यांवर तिची छाप उत्तम पडते. जुन्या डेस्कटॉपमध्ये हा पासवर्ड जिथे साठवला जातो ती स्मृती मदरबोर्डवरच्या, म्हणजे यंत्रातील मुख्य पाटीवरच्या, सीआर२०३२ नावाच्या, नाण्याएवढ्या, ३ व्होल्टच्या सेलवर तग धरून असते. खोक्याचे स्क्रू काढून तो सेल नखाने उचकटला आणि चहा होईपर्यंत बाजूला ठेवला, की पुष्कळ यंत्रांना पासवर्डाचा विसर पडतो. फक्त घड्याळातील तारीख काही वर्षे मागे जाते. परंतु चोराजवळ स्क्रूड्रायव्हर नसतो, अशी आपली श्रद्धा असू द्यावी.

लॅपटॉपवाल्यांची सोय याहून चांगली आहे. तिथे बहुधा हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये राहतो आणि सेल काढल्याने जात नाही, त्यामुळे तो विसरल्यास मदरबोर्ड बदलण्यापर्यंत पाळी येऊ शकते. हा खर्चाचा योग अर्थातच मालकाच्याच कुंडलीत असतो. चोर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडतो आणि आपल्या लेकीच्या लग्नाचे फोटो, प्राप्तिकराची विवरणपत्रे व आधारची स्कॅन केलेली प्रत निवांत पाहत बसतो.

यानंतर विंडोजचा पासवर्ड. विंडोज ९८ च्या काळी तो विचारला जाताच एस्केप दाबले तरी आत जाता येत असे, आणि त्या मोकळेपणाची आठवण काढणारे लोक आजही भेटतात. आता चार आकडी पिन चालतो. आपले जन्मवर्ष ठेवावे. ते मोटारीच्या नंबरप्लेटवर नसेल तर फेसबुकवर असतेच. आपण नोकरीत असाल आणि कार्यालयाने दर महिन्याला पासवर्ड बदलण्याचा दंडक घातला असेल, तर शेवटचा आकडा एकाने वाढवत न्यावा व नवा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, आधीचे खोडून, नीट सुवाच्य लिहावा, म्हणजे आपण रजेवर असताना शिपायाचा खोळंबा होत नाही. कागदाचे हे नाते तसे जुनेच आहे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या सामायिक संगणकावर पासवर्ड येऊन जेमतेम वर्ष झाले होते, तोच १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली.

डिस्कवरील मजकूरच कूटबद्ध करावा, म्हणजे किल्लीवाचून न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवावा, म्हणजे ती काढून नेली तरी वाचता येणार नाही, असे काही शंकेखोर मंडळी सुचवतात. विंडोजच्या काही आवृत्त्यांत बिटलॉकर नावाचा भाग २००७ पासून हेच काम करतो, आणि तेवढ्यासाठी आपण त्याच्यापासून दूर राहावे. काही नव्या लॅपटॉपांवर तर हे कूटबद्धीकरण न विचारता चालू होते व त्याची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. हे खाते आपण लॅपटॉप विकत घेतेवेळी दुकानदाराने काढून दिले होते आणि त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक होता, त्यामुळे किल्ली सुरक्षित आहे याविषयी शंका नसावी. स्वतः कूटबद्धीकरण करण्याचा मोह झालाच, तर ती किल्ली त्याच डिस्कवर ठेवू दिली जात नाही, अशी आडमुठी अट आपल्याला आढळेल. अशा वेळी ती कागदावर छापून लॅपटॉपच्याच बॅगेत, चार्जरशेजारी ठेवावी.

राहता राहिला दुरुस्तीवाला. यंत्र त्याच्या हवाली करताना पासवर्ड पावतीवर लिहून द्यावाच, शिवाय गडबड नको म्हणून झाकणावर पट्टी चिकटवून तीवरही लिहावा. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड आपण सोयीसाठी हाच ठेवलेला असल्याने पुन्हा वेगळे काही सांगण्याची वेळ येणार नाही.