डेमिंग नको, सिंहाचं चित्र पाहिजे!

काल मंडळाच्या वाचनालयासाठी मॅनेजमेंटची अभिजात पुस्तकं निवडायची बैठक झाली आणि माझं डोकं अजून तापलेलं आहे. यादीत पहिलं काय? मुखपृष्ठावर सिंह, पानोपानी सुविचार आणि शेवटी लेखकाच्या सेमिनारची जाहिरात. ह्याला अभिजात म्हणायचं?

मी डेमिंगचं, म्हणजे मालाचा दर्जा कसा सुधारायचा हे शिकवणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञाचं, 'आउट ऑफ द क्रायसिस' सुचवलं. नुकताच एमबीए होऊन आलेला एक पोरगा म्हणतो, "काका, ते जुनं झालं की हो. आता एआयचा जमाना आलाय." माना डोलल्या, पुस्तक बाद! अरे, तुझ्याच बापाच्या फाउंड्रीत जाऊन बघ की जरा. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, आली की रिजेक्शनचा ढीग दाखवून मोल्डरला, म्हणजे वाळूचा साचा करणाऱ्याला, शिव्या. वाळूत ओलावा किती होता, कुणी मोजलेला नसतो. वाळू कुठली घ्यायची, तपासायला माणूस ठेवायचा की नाही, हे मोल्डर ठरवतो का? डेमिंग हेच तर सांगतो. त्याच्या अंदाजानं 94 टक्के दोष व्यवस्थेतले, म्हणजे ते निस्तरायची जबाबदारी वरच्यांची. आपल्या बेळगावचा कारखान्यांचा भाग उद्यमबाग काय, मच्छे काय, प्रत्येक मालकाच्या टेबलावर हे पुस्तक पाहिजे. आणि ते बाद केलं कुणी, तर एकही पान न उघडलेल्यांनी.

जुनं झालं म्हणे! ज्या 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ह्याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं, त्याच साली तिकडे फ्रान्समध्ये आन्री फेयोलनं डबघाईला आलेली खाणकंपनी हातात घेतली. तीस वर्षं चालवली, सावरली, आणि पुस्तक काढलं कधी? 1916 मध्ये, अठ्ठावीस वर्षं कंपनी चालवून झाल्यावर. आजचे सिंहवाले लेखक आयुष्यात एक शिफ्ट सांभाळतात का? कामाचं शास्त्र मांडणारा अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर, त्याचं पुस्तक 1911 चं. त्याच्याशी मी कडाकडा भांडतो, कारण त्यानं विचार करायचं काम कामगाराच्या हातातनं काढून घेतलं. पण आपल्या वर्कशॉपमध्ये घड्याळ लावून कामाचं टायमिंग काढतात ते कुठनं आलं हे कळायला तो वाचावाच लागतो.

नव्याचं एवढं कौतुक आहे, तर 2001 चं 'गुड टू ग्रेट' घ्या. ते मात्र एकमतानं पास! त्यातल्या अकरा आदर्श कंपन्यांपैकी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची साखळी असलेल्या सर्किट सिटीनं 2008 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि घरकर्जातली कंपनी फॅनी मे त्याच वर्षी अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुस्तक जरूर वाचा, पण शेजारी हेही सांगा. मी सांगायला गेलो, तर चहा आला.

आणि वेळ कशात गेला? मराठी पुस्तकं किती, कन्नड किती, ह्यात. तासभर! आकड्यांवर हमरीतुमरी, आणि पुस्तक कुठलं ह्यावर कुणाला बोलायचं नाही. खानापूरहून बसनं येणारा सुपरवायझर, बैलहोंगलचा मेंटेनन्सवाला, ह्यांना इंग्रजी जड जातं. त्यांच्यासाठी अनुवाद शोधायचे तर ते पूर्ण आहेत की कापलेले, हे कुणीतरी बसून बघायला नको? आमच्यात एकानं मोबाइल पुढे करून "दहा मिनिटांत ड्रकर" दाखवला. धंद्याचा हेतू म्हणजे ग्राहक निर्माण करणं, हे मॅनेजमेंटचा विचारवंत पीटर ड्रकरनं 1954 मध्ये लिहिलं. ते वाक्य दहा सेकंदांत पाठ होतं, पण त्यापायी आपली कुठली ऑर्डर सोडायची हे कळायला अख्खं पुस्तक लागतं.

टोयोटाची उत्पादनपद्धत बसवणाऱ्या इंजिनिअर ओनोचं नाव तर कुणी ऐकलेलंच नव्हतं. मशीन थांबलं तर पाच वेळा "का?" विचारा, म्हणतो तो. मशीन थांबलं, का? फ्यूज उडाला. का? बेअरिंगला तेल कमी पडलं. का? पंप ओढत नाही. का? पंपाचा शाफ्ट झिजलाय. का? जाळी नाही म्हणून धातूचा कीस आत गेला. आपल्याकडे पहिल्या "का"वरच नवा फ्यूज घालतात, आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेटरचा पगार कापतात!

पुस्तकांचं बिल अजून निघालेलं नाही. यादी परत काढा. डेमिंग, फेयोल, ड्रकर, ओनो ही चार पुस्तकं घेतल्याशिवाय त्या कागदावर माझी सही मिळणार नाही.