राष्ट्रपतींच्या शपथविधीला उभे राहायला जागा हवी

20 जानेवारी 2009 रोजी बराक ओबामा यांचा शपथविधी झाला, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलसमोरच्या लांबलचक मैदानात, ज्याला तिकडे मॉल म्हणतात, मी गर्दीत उभा होतो. लेक तेव्हा मेरीलँडमध्ये राहत असल्यामुळे हा योग आला. एरवी जळगावच्या एका निवृत्त शिक्षकाचे तिथे काही काम नव्हते. तेव्हापासून मनात असलेले एक मत आज सविस्तर मांडतो: आपल्या राष्ट्रपतींच्या शपथविधीला सामान्य माणसालाही उभे राहता आले पाहिजे.

शपथविधी ‘पाहिला’ असे म्हणणे खरे तर धाडसाचेच. पारा शून्याखाली होता, कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरची माणसे ओळखू येणे शक्य नव्हते, आणि मोठ्या पडद्यावर जे दिसले ते घरच्या टीव्हीवर अधिक स्वच्छ दिसले असते. मैदानभर लावलेल्या कर्ण्यांतून आवाज मागेपुढे पोहोचत असल्याने टाळ्याही पुढून मागे सरकत येत. माझ्या शेजारी घोंगडीवजा शाल पांघरलेल्या एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई होत्या. ओबामांनी हात वर करताच त्यांनी हातमोजा काढला आणि स्वतःचाही उजवा हात वर धरला. शपथ संपेपर्यंत तो उघडाच होता. टीव्हीवर ओबामा दिसले असते, या बाई दिसल्या नसत्या. त्या गर्दीचा आकडा 18 लाख असल्याचे तेव्हा सांगितले गेले. तो कमीजास्त असेल, पण त्या आकड्यापेक्षा तो एक हात मला अधिक पटला.

गंमत अशी, की सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून शपथेतील शब्दांचा क्रम चुकला आणि खबरदारी म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या एका दालनात मोजक्या लोकांसमोर ती पुन्हा घेतली गेली. म्हणजे बिनचूक शपथ आम्हा गर्दीपैकी कोणीच पाहिली नाही. त्यांच्या घटनेनुसार 20 जानेवारीला दुपारी बारा वाजताच सत्तांतर होते, त्यामुळे बिघडले काहीच नाही. पण लोकांसमोर झालेली चूक लोकांना कळली, हेही थोडे नव्हे.

आता आपल्याकडचे. 25 जुलै 2007 रोजी प्रतिभाताई पाटील यांनी संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये शपथ घेतली. बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेली, जळगावच्या एम. जे. कॉलेजात शिकलेली, 1962 मध्ये जळगावातून आमदार झालेली आणि पुढे एदलाबादचे म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचे प्रतिनिधित्व केलेली बाई देशाची पहिली महिला राष्ट्रपती होत होती. आमच्या गल्लीत फटाके वाजले, पेढे वाटले गेले, पण दिल्लीला जाऊन काय करणार? आत निमंत्रितांनाच प्रवेश, आणि बाहेर बंदोबस्त.

यावर ठरलेले उत्तर असे, की आपला राष्ट्रपती जनता थेट निवडत नाही, खासदार-आमदार निवडतात. ते मान्य आहे. पण घटनेच्या कलम 60 मधील शपथ वाचावी. राष्ट्रपती संविधानाच्या रक्षणाबरोबरच भारताच्या जनतेच्या सेवेला आणि कल्याणाला वाहून घेण्याची शपथ घेतात. अमेरिकन अध्यक्षाच्या शपथेत जनतेचा उल्लेखसुद्धा नाही, पद आणि घटना एवढेच आहे. जिथे शपथेत जनता नाही तिथे लाखो लोक समोर उभे, आणि जिथे शपथच जनतेला उद्देशून आहे तिथे ती बंद सभागृहात, हे मला तरी उलटे वाटते.

आपली परंपराच तशी आहे, असेही म्हणता येणार नाही. 26 जानेवारी 1950 ला राजेंद्रबाबूंनी दरबार हॉलमध्ये शपथ घेतली खरी, पण त्याच दुपारी ते बग्गीतून लोकांमधून आयर्विन स्टेडियमवर गेले. त्याही आधी, डिसेंबर 1936 मध्ये, आपल्याच फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अध्यक्ष नेहरूंना बैलांच्या रथातून मिरवत आणले गेले, ते पाहायला खानदेशातली खेडीच्या खेडी लोटली होती.

सुरक्षेची अडचण खरी आहे, पावसाची मात्र सबब आहे. मुक्ताईची पालखी त्याच सुमाराच्या पावसापाण्यातून पंढरपूर गाठते आणि वारकरी मंडपाची वाट पाहत बसत नाहीत. शपथ सेंट्रल हॉलमध्येच होऊ द्यावी. मात्र राष्ट्रपती भवन ते संसद या रस्त्याच्या कडेला लोकांना उभे राहू द्यावे, पडदे लावावेत आणि परतीचा प्रवास संथ, उघड्या बग्गीतून व्हावा. प्रजासत्ताक दिनाला याच परिसरात हजारोंची व्यवस्था होतेच.

अमेरिकेत पुढच्या जागांचे मोफत पास लोकप्रतिनिधींमार्फत मिळतात. 2027 च्या जुलैसाठी जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबारच्या खासदारांनी अशी मागणी आतापासून लावून धरायला हरकत नाही. पास आले तर ते आधी कार्यकर्त्यांच्याच खिशात जातील, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. म्हणूनच माझे म्हणणे आहे, की बिनपासची जागा मोठी ठेवावी.