आधी अर्जुनाला बोलू दिलं होतं

आमच्या आत्याला मनाचे श्लोक पाठ आहेत, २०५ च्या २०५. लहानपणी मी तिच्याकडूनच शिकलो. एका श्लोकाला एक शेंगदाण्याचा लाडू असा भाव ठरला होता आणि लाडवांपायी माझे तीसेक श्लोक झाले होते. तेव्हा पुढे जे लिहितोय ते आत्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आत्या फेसबुकवर नाही, पण तिची सून आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. (तिला विचारूनच लिहितोय.) ती पंधरा दिवस माहेरी आली होती. आत्या भेटायला आली, तिच्या पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘जगी सर्व सूखी असा कोण आहे, विचारे मना तूचि शोधूनि पाहे.’ इथपर्यंत ठीक होतं. पण श्लोक म्हटला की चारही चरण म्हणायचे, ही आत्याची सवय. ‘मना त्वाचि रे पूर्वसंचीत केले, तयासारिखे भोगणे प्राप्त झाले.’

बहीण उठून आत गेली. रात्री गच्चीत मला म्हणाली, “दादा, म्हणजे हे मीच केलं?”

मला उत्तर सुचलं नाही. नंतर पुष्कळ दिवसांनी एक साधी गोष्ट ध्यानात आली. रामदास ‘मना’ म्हणतात. ‘बाई गं’ म्हणत नाहीत. तो श्लोक माणसाने स्वतःच्या मनाला, स्वतःच्या तोंडाने, एकट्याने सांगायचा आहे. स्वतःशी म्हटलात तर धीर येतो. तेच शब्द दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलेत की आरोप होतो. शब्द तेच, फक्त ‘मना’च्या जागी समोरचा माणूस बसला.

मार्कस ऑरेलियसचंही तेच. रोमचा बादशहा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याची जी टिपणं आज जगभर विकली जातात, ती त्याने लोकांना शहाणं करायला लिहिलीच नव्हती. स्वतःलाच ‘तू’ म्हणून लिहिली होती. सकाळी उठलास की मनाशी म्हण, आज मला लुडबुडे, कृतघ्न, उर्मट, मत्सरी लोक भेटणार आहेत. आणि पुढे म्हणतो, पण ते माझे नातलगच आहेत, आम्ही हातापायांसारखे, वरच्या-खालच्या दातांसारखे एकत्र काम करायला जन्मलोय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. बादशहा भावकीबद्दलच बोलतोय की!

गीतेचं आपण जे करतो ते तर याहून मजेशीर आहे. कुणाची नोकरी गेली, कुणाचा मुलगा नापास झाला, की अर्ध्या तासात मोबाईलवर ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ येऊन पडतं. खाली सूर्योदय, बाजूला रथ. तो श्लोक दुसऱ्या अध्यायातला ४७ वा. त्याच्या आधी काय काय झालंय ते एकदा शांतपणे वाचा.

पहिल्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. त्यात कृष्ण किती बोलतो? अर्धा श्लोक. ‘पार्था, हे जमलेले कौरव बघ.’ बस्स. नंतर अर्जुन बोलतो, बोलतच राहतो. तोंडाला कोरड पडलीय, अंगाला कंप सुटलाय, गांडीव हातातून निसटतंय, हे माझे आजोबा, हे माझे गुरू. शेवटी धनुष्य टाकून रथात बसतो. तोवर कृष्णाने एकदाही मध्ये तोंड घातलेलं नाही. दोन्हीकडे सैन्य उभं, शंख वाजून झालेले, आणि हा माणूस ऐकतोय. अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. त्याच्या रडण्याला योग म्हटलंय.

दुसऱ्या अध्यायात कृष्ण काय करतो? आपले काका-मामा जे करतात तेच. रागावतो. भलत्या वेळी हे काय सुचलं तुला, हा षंढपणा सोड, ऊठ. दोन श्लोक. आणि त्याचा उपयोग होत नाही! अर्जुन पुन्हा तेच सांगतो. मग म्हणतो, मला काही कळेनासं झालंय, मी तुझा शिष्य, मला सांग. ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसतो. एवढं झाल्यावर कुठे कृष्ण हसल्यासारखं करतो आणि खरं सांगणं सुरू होतं. तेही अर्जुन मुकाट ऐकत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तक्रार करतो, तू दोन्हीकडून बोलून मला गोंधळात टाकतोयस. ७०० श्लोकांच्या शेवटी कृष्ण काय म्हणतो? यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ‘यथेच्छसि तथा कुरु.’ हा श्लोक मला आजवर कुणी फॉरवर्ड केलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्या तत्त्वज्ञानात रोजच्या जगण्याला पुरेल इतका सल्ला आहे, भरपूर आहे. पण तो स्वतःला द्यायचा आहे, नाहीतर मागणाऱ्याला. न मागता दुसऱ्याच्या गळी उतरवलात की त्याचं काम एकच उरतं, समोरच्याचं तोंड बंद करणं.

पुन्हा बहिणीकडे येतो. आत्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, पदरात पावट्याच्या शेंगा घेऊन. ओसरीवर बसल्या, ताट पुढ्यात ओढलं, म्हणाल्या, “ये, सोलू लाग.” दोघी सोलत बसल्या. पंधरावीस मिनिटं नुसता शेंगा फुटल्याचा आवाज. मग ताटातला एक किडका दाणा बाजूला काढत, मान वर न करता काकू म्हणाल्या, “माझे दोन गेले. थोरल्याच्या आधी.” आम्ही जन्मभर त्यांच्या शेजारी राहतोय, आम्हाला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. बहीण त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी रडली.

किसा गोतमीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मेलेलं पोर कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी बाई बुद्धाकडे येते. तो तिला अनित्यतेवर प्रवचन देऊ शकला असता, त्याचा तो विषयच होता. त्याने मोहरी आणायला सांगितलं, पण ज्या घरात कुणीच मेलेलं नाही अशा घरातून. मोहरी तर घरोघरी मिळते. ती प्रत्येक दारात विचारते आणि प्रत्येक दारात कुणीतरी आपलं गेलेलं माणूस सांगतं. मला वाटतं औषध त्या दारांमध्ये होतं. त्या काकूंनी ही गोष्ट ऐकली असेल असं वाटत नाही.

आता माझं स्वतःचं. गावाकडे आमचा बांधाचा वाद आहे. चुलतभाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, दरवर्षी नांगरताना आमचा बांध कोरतो, असं आमचं म्हणणं. आम्ही कोरतो, असं त्याचं. मोजणीचा अर्ज टाकलाय. मी पुण्याहून रजा काढून जायचो, आणि साहेब साईटवर, सर्व्हर डाऊन, नोटीस एका सहधारकाला पोचलीच नाही, असं काहीतरी ऐकून, डोक्याची शीर ताठ करून परत यायचो. एकदा तर परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाशी खिडकीवरून भांडलो.

त्या काळात एपिक्टेटस हा रोमन काळातला तत्त्वज्ञ हाती लागला. हा मूळचा गुलाम, पायाने अधू. पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिसला शिकवायचा. स्वतः काही लिहिलं नाही, शिष्याने टिपून ठेवलं. तो म्हणतो, हमामात अंघोळीला निघालास की तिथे काय काय चालतं ते आधी आठव. कुणी पाणी उडवेल, कुणी धक्का देईल, कुणी शिव्या घालेल, कुणी कपडे चोरेल. आणि मनाशी म्हण, मला अंघोळही करायचीय आणि डोकंही ठिकाणावर ठेवायचंय. मी आता कार्यालयाच्या पायऱ्या चढण्याआधी चहाच्या टपरीवर हेच करतो. साहेब नसतील. झेरॉक्स अपुरी निघेल. अण्णा माझ्याकडे बघून मिशीत हसेल. मला तारीखही घ्यायचीय आणि माणसासारखं घरीही जायचंय. खोटं कशाला सांगू, दहातून सहा वेळा उपयोग होतो.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली, तिच्या मुळाशी याच एपिक्टेटसचं एक वाक्य आहे. माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं त्रास देतात. जर्मनीत गेर्ड आखेनबाख यांनी १९८१ मध्ये थेट तत्त्वज्ञानाचाच दवाखाना काढला, म्हणजे लोक अडचणी घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे न जाता तत्त्वज्ञाकडे येऊन बोलत बसणार. मला ही कल्पना आवडते. पण तिलाही हद्द हवीच. माझ्या एका मित्राची झोप तीन आठवडे उडाली होती, जेवण तुटलं होतं, आणि घरचे त्याला स्थितप्रज्ञाची लक्षणं वाचून दाखवत होते. तिथे डॉक्टरच लागतो. कुणाला गरज असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.

एपिक्टेटसची आणखी दोन सांगणी, जी कुणी फॉरवर्ड करत नाही. एक, कुणी दुःखाने रडताना दिसला तर बोलून त्याला साथ द्यायला कचरू नकोस, वेळ आली तर त्याच्याबरोबर कण्हही, फक्त आतून ढासळू नकोस. म्हणजे त्या कठोर म्हणवल्या जाणाऱ्या माणसानेही तिथे सिद्धांत सांग म्हटलेलं नाही. दुसरं, लोकांत बसून तत्त्वं सांगत सुटू नकोस. मेंढ्या आपण किती खाल्लं हे दाखवायला मेंढपाळापुढे गवत आणून टाकत नाहीत. खाल्लेलं पचवतात आणि लोकर देतात, दूध देतात. आमच्या माळावर दरसाल धनगरांचा वाडा उतरतो, त्यामुळे हे मला लगेच दिसलं.

दिसलं, पण पचलं नाही. मागच्या महिन्यात घरच्या ग्रुपवर अण्णाने बांधावरून मोठा मेसेज टाकला. मी मोठ्या शांतपणे उत्तर लिहिलं. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, जमीन, मालमत्ता, मान या हातात नसलेल्या, असं एपिक्टेटस नावाचा थोर तत्त्वज्ञ सांगतो, वगैरे. वर हात जोडलेली इमोजी.

दोन मिनिटांत अण्णाचा मेसेज आला, “त्याच्या नावावर किती गुंठे होते?”

खाली पहिला हसरा चेहरा माझ्या बहिणीचा. मोजणीची पुढची तारीख अजून यायचीय.