सहा तासांचा फरक

ताई, ‘केमो चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या मनाने घेऊ नका’ असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही चिडलात. अँटिऑक्सिडंट पेशींना वाचवतात, मी उगाच घाबरवतोय, आणि आवळ्यालाही नावं ठेवतोय, असं तुमचं म्हणणं.

आवळ्याचं आधी मिटवू. मोरावळ्याच्या फोडीशी माझं भांडण नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या जास्त डोसच्या गोळ्यांशी आहे. हा फरक लेखात राहून गेला, चूक माझी.

पेशींना वाचवतात, खरंय. पण गाठीतल्या पेशी काय वेगळ्या रांगेत उभ्या असतात? रेडिएशनचा बराचसा मारा ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंमार्फतच होतो, आणि अँटिऑक्सिडंट नेमके तेच रेणू निकामी करतात. निरोगी पेशीत कीप-१ हे प्रथिन एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. या रेणूंचा ताण वाढला की पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात शिरतं आणि ग्लुटाथिओनसारखी बचावाची सामग्री तयार करवून घेतं. ताण ओसरला की पुन्हा पकड. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये जनुकांतल्या बिघाडामुळे ही पकड कायमचीच सुटलेली असते, आणि अशा गाठी औषधांना सहजी दाद देत नाहीत. त्यांना बाहेरून आणखी रसद कशाला?

तरी एका बाबतीत तुमचं पारडं जड आहे. सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाने लहान मुलांची श्रवणशक्ती जाऊ शकते. यकृताचा कॅन्सर झालेल्या मुलांवरच्या चाचणीत (निकाल २०१८चा) सोडियम थायोसल्फेट हे बचावाचं औषध दिल्यावर बहिरेपणाचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ वर आलं, आणि मुलांच्या जगण्यात घट दिसली नाही. पण ते थायोसल्फेट सिसप्लॅटिनलाच निष्प्रभ करणारं. म्हणूनच ते सिसप्लॅटिन संपल्यावर सहा तास थांबून शिरेतून दिलं. तोवर गाठीवरचं काम उरकलेलं असतं. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घेतलेल्या गोळीला हे सहा तास कुठून कळणार?

तुमच्या आईंना व्हिटॅमिन सी देऊनही काही झालं नाही, हे वाचून बरं वाटलं. पण औषधाचा असर कमी झाला तर तो त्या दिवशी दिसत नाही, स्कॅनमध्ये दिसतो. माझी मावशी अशा गोळ्या चष्म्याच्या घरात ठेवायची. ‘आणखी काही घेता का?’ असं डॉक्टरांनी विचारलं की मान हलवून ‘नाही’. गोळ्या सापडल्या त्या मी चष्मा पुसायला घर उघडलं तेव्हा, चौथ्या केमोनंतर.

तुम्ही आईंना देत होतात त्या गोळीवर किती मिलिग्रॅम लिहिलंय, तेवढं पाहून इथेच कळवाल का?