‘ते जिवाणू ड्रिलबरोबर गेलेले’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली दडलेल्या व्होस्टोक सरोवरावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की साडेतीन किलोमीटर खालच्या बर्फात जिवाणू सापडले हेच मुळात खरं नाही. ते ड्रिलच्या भोकात भरलेल्या केरोसीनबरोबर खाली गेले आणि गाभ्याला (ड्रिलने वर काढलेल्या बर्फाच्या दंडगोलाला) चिकटून वर आले, असं तुमचं म्हणणं. ‘गाभा निर्जंतुक पाण्याने धुतला’ एवढ्या एका वाक्यावर मी विषय संपवला, हीही तुमची तक्रार. ती मान्य आहे. ते वाक्य अपुरंच नव्हे, चुकीचं होतं. पण म्हणून अंटार्क्टिकाच्या बर्फाखालचं सगळंच खोटं, हे मला पटत नाही.

आधी केरोसीन. एवढ्या खोलीवर भोक मोकळं सोडलं तर बर्फाच्या दाबाने ते मिटत जातं. म्हणून त्यात साधारण बर्फाच्याच घनतेचा, न गोठणारा द्रव भरून ठेवतात. नुसतं केरोसीन हलकं पडतं, म्हणून व्होस्टोकला त्यात फ्रिऑन मिसळत. हा द्रव निर्जंतुक नव्हताच. त्यात स्फिंगोमोनाससारखे जिवाणू नंतर सापडले. सरोवराचं पाणी गोठून तयार झालेल्या बर्फातल्या पेशी 1999 साली दोन गटांनी मोजल्या. एकाला मिलिलिटरमागे 200 ते 300 मिळाल्या, दुसऱ्याला 2,800 ते 36,000. तुकडे वेगळे होते हे धरूनही हा फरक खटकायलाच हवा.

आता धुणं. थंड खोलीत गाभ्याचा बाहेरचा थर निर्जंतुक पात्याने तासून काढतात. उरलेला तुकडा आधी 4 अंशांवर ठेवतात, कारण कडक गोठलेला बर्फ थेट द्रवात बुडवला की तडकतो, आणि तडा गेला की बाहेरची घाण सरळ आत. मग 5.25 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, 10 सेकंद, लगेच निर्जंतुक पाण्यात तीनदा खळबळणं, आणि त्यानंतरच वितळवणं. ब्लीचच का? ऑटोक्लेव्ह (दाबाखालची गरम वाफ) किंवा अल्कोहोल जिवाणू मारतं, पण मेलेल्याचा डीएनए मागे राहतो, आणि पीसीआरला (डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो शोधणाऱ्या चाचणीला) मेलेला-जिवंत कळत नाही. ब्लीच डीएनएही तोडतं. माझ्या वाक्यातली चूक नेमकी हीच: निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. मुळातच तडे असलेला तुकडा मात्र कितीही धुतला तरी बादच.

धुणं पुरलं की नाही हे तपासायला गाभ्यावर मुद्दाम सेराशिया मार्सेसेन्स हा जिवाणू फासतात. याच्या वसाहती लाल दिसतात, त्यामुळे तो ओळखायला सोपा. सगळ्या पायऱ्या करून आतल्या पाण्यात तो दिसला तर पद्धत नापास. शिवाय बर्फाऐवजी शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही त्याच वाटेने न्यायचा, कारण डीएनए काढायच्या किटमध्येच राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम या जिवाणूंच्या डीएनएचे अंश असू शकतात. बर्फात पेशी इतक्या थोड्या, की किटमधला कचराच वरचढ ठरतो.

रशियन संशोधक सर्गेई बुलाट यांच्या गटाने अशा बाहेरून आलेल्या जिवाणूंची वजाबाकी कडकपणे केली, तेव्हा व्होस्टोकच्या त्या बर्फातले बहुतेक ‘शोध’ गळून पडले. टिकला तो हायड्रोजेनोफायलस थर्मोल्यूटिओलस हा जिवाणू, 50 अंशांच्या आसपास वाढणारा! तो तळाच्या खडकातल्या उबदार भेगांमधून आला असावा, असा त्यांचा तर्क. फेब्रुवारी 2012 मध्ये ड्रिल 3,769 मीटरवर सरोवरात पोचलं, तेव्हा भोकात चढलेलं पाणी त्याच केरोसीनच्या द्रवाला भिडलं. त्या नमुन्यांना तुमचा आक्षेप पुरता लागू पडतो.

अंटार्क्टिकातल्याच, बर्फाखालच्या व्हिलन्स सरोवराला मात्र तो लागू पडत नाही. जानेवारी 2013 मध्ये तिथला 800 मीटर बर्फ गरम पाण्याने भेदला, केरोसीन नव्हतंच. ते पाणी आधी 2 आणि 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, मग अतिनील किरणांखालून नेलं आणि 90 अंशांवर तापवलं. नुसत्या फिल्टरवर भागत नाही. ग्रीनलंडच्या बर्फातला हर्मिनिमोनास ग्लेसिआय हा इवलासा जिवाणू 0.2 मायक्रॉनच्या जाळीतूनही निसटतो. सरोवराच्या पाण्यात मिलिलिटरमागे सुमारे 1,30,000 पेशी निघाल्या. आणि मोजणीवरच थांबले नाहीत: किरणोत्सारी कार्बन असलेलं बायकार्बोनेट पाण्यात घातलं, तेव्हा तो कार्बन पेशींमध्ये गेला. मेलेल्या पेशी हे करत नाहीत.

लेखातलं ते वाक्य काढून ब्लीचची पायरी आणि कोऱ्या नमुन्याचा उल्लेख आज घातला आहे. व्होस्टोकच्या 2012 च्या नमुन्यांपुढे ‘अनिर्णित’ असं लिहिलं आहे.