पोराला वेलचीची गोडी कशी लावावी

पोरगं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेलं आणि खिशात अजून नुसता पेनच? घाबरू नका. बेळगावात, निपाणीत, चिकोडीत सगळी सोय आहे. तुम्ही फक्त मधे पडू नका.

आधी एक गैरसमज काढून टाका. तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. हायवेवर जो भलामोठा हिरो दात दाखवत उभा आहे, तो वेलची विकतो. नाव तंबाखूच्या पुडीचंच, रंग तेच, अक्षरांचं वळणही तेच, पण आत वेलची. क्रिकेटच्या दोन ओव्हरांमधेही वेलचीच. आमची आजी वेलची शिऱ्यात घालायची, तीही दोन दाणे मोजून. वेलची खाऊन हेलिकॉप्टरमधून उतरता येतं, हे त्या बिचारीला कुणी सांगितलंच नाही. पोराला बरोबर कळतं. पुडी फाडायची, मान मागे टाकायची, तोंडात रिकामी करायची. एवढी ढब जमली की आत काय आहे ते टपरीवाला बघून घेतो.

फलकाचं तर विचारूच नका. सीमाभागात फलक म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगायचं? ६० टक्के कन्नड नाही म्हणून नोटीस, मराठी पुसलं म्हणून मोर्चा. पण टपरीवरच्या त्या चकचकीत हिरोसाठी दोन्हीकडचा एकही कार्यकर्ता शिडी घेऊन आलेला मी पाहिला नाही. तंबाखू विकणाऱ्या दुकानाच्या फलकाला कायद्यानं ६० बाय ४५ सेंटिमीटरचं माप दिलंय, ब्रँडचं नावही नको म्हटलंय. वेलचीला कसलं माप!

सिनेमाला पोराला जरूर पाठवा. कन्नड असो, मराठी असो, हिंदी असो, झुरका सगळीकडे एकाच भाषेत असतो. हिरो काडी ओढतो, चेहरा उजळतो, थिएटरात शिट्ट्या. तेवढ्यात खाली कोपऱ्यात इशाऱ्याची ओळ येते. २०२३ पासून मोबाइलवरच्या मालिकांतही ती सक्तीची झाली आहे. पोराची नजर हिरो सोडून त्या ओळीवर गेलीच, तर एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

वयाची अडचण सांगाल. २०२५ मध्ये कर्नाटकानं विक्रीची वयोमर्यादा १८ वरून २१ केली खरी. म्हणजे निपाणीत पिकलेली तंबाखू निपाणीच्या १९ वर्षांच्या पोराला निपाणीत विकायची नाही. पण सीमेवरचं कोगनोळी ओलांडून तो महाराष्ट्रातल्या कागलात पोचला, की कायद्यानं गिऱ्हाईक! उलट तिकडे गुटखा आणि पान मसाला दोन्हींना बंदी. इकडे मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, मिसळ तोंडात. भूगोल आणि नागरिकशास्त्र एकाच वेळी पक्कं होतं. आणि एवढं लांब कशाला? शाळेपासून शंभर मीटरांत विक्री नको असा नियम आहे, पण मोजायला टेप कुणाच्या खिशात असते?

बाकी कट्ट्यावरची मित्रमंडळी करतात. "काय बे, दूध पितोस काय अजून?" एवढं एक वाक्य पुरतं.

एक मात्र सांभाळा. पोराला निपाणीच्या वखारीत नेऊ नका. तिथं तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळणाऱ्या मावश्या दिसतील, धुळीनं डोळे लाल झालेल्या, घरी गेल्यावरही अंगाचा वास न जाणाऱ्या. १९८१ साली याच तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी हायवेवर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यांच्या पानाला भाव देताना प्रत्येकाचा हात आखडला. आता त्याच हायवेवर हिरो उभा आहे, त्याच्या हसण्याचा भाव कुणी पाडून मागत नाही. असलं काही पोरानं पाहिलं की ते फालतू प्रश्न विचारायला लागतं, मग सगळी मेहनत वाया.

त्यापेक्षा संध्याकाळी आरामखुर्चीत बसा आणि हाक मारा, "बाळा, कोपऱ्यावरनं माझी पुडी घेऊन ये की." टपरीवाला वय विचारणार नाही, तुमचं नाव सांगितलं की झालं. येईल तो, चुन्याची डबीही न विसरता. उरलेले दोन रुपये परत मागू नका.

वेलची घेईल.