स्विस घड्याळ कंपन्या ‘पहिल्यांदा १९८३ मध्ये’ एकत्र आल्या?

‘जपानने क्वार्ट्झ (बॅटरीवर चालणारं) घड्याळ काढलं, स्विस लोक झोपून राहिले आणि बुडाले. मग १९८३ मध्ये निकोलस हायेक यांनी या कंपन्या पहिल्यांदाच एकत्र आणल्या आणि स्वॉच या स्वस्त घड्याळाने चावीची घड्याळं वाचवली.’ हा मजकूर सतत फिरत असतो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासायला हवं.

झोपून राहिले? स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला १९६२ मध्येच स्विस कंपन्यांनी मिळून इलेक्ट्रॉनिक घड्याळांचं संशोधन केंद्र उभारलं. १९६७ मध्ये तिथे क्वार्ट्झ मनगटी घड्याळाचा नमुना तयार होता. जपानच्या सेइको कंपनीचं क्वार्ट्झ घड्याळ ॲस्ट्रॉन विक्रीला आलं १९६९ च्या नाताळात. बाजारात स्विस मागे पडले, प्रयोगशाळेत नाही.

‘पहिल्यांदाच’ हा शब्द तर साफ चुकीचा आहे. ओमेगा आणि तिसो या स्विस कंपन्या १९३० मध्येच एका समूहात आल्या होत्या. पुढच्याच वर्षी, मंदीच्या तडाख्यात, बँका आणि सरकारच्या पैशावर ‘आसुआग’ ही दुसरी समूह-कंपनी उभी राहिली. घड्याळाच्या आतलं मशीन आणि त्याचे नाजूक सुटे भाग बनवणारे कारखाने तिच्या ताब्यात गेले. १९३४ पासून नवा कारखाना काढायला किंवा असलेला वाढवायला सरकारी परवाना लागू लागला. म्हणजे सुटे भाग मोजक्या हातांत, आणि घड्याळ जुळवणारे शेकडो छोटे कारखाने कायद्याच्या आडोशाला. माझ्या मते खरा कमकुवतपणा इथेच मुरला. सेइको बहुतेक सगळं स्वतःच बनवत होती. साठच्या दशकात स्विस निर्बंध सैल होत गेले, तसे समूह आणखी फुगले. लाँजिन ही घड्याळ कंपनी १९७१ मध्ये आसुआगकडे गेली. स्वस्त क्वार्ट्झची लाट तेव्हा यायची होती.

बुडण्याचं कारण एकटं क्वार्ट्झही नव्हे. १९७० मध्ये डॉलरला ४ हून अधिक स्विस फ्रँक मिळत. १९७८ मध्ये २ सुद्धा नाहीत. म्हणजे फ्रँक महागला, आणि परदेशात स्विस घड्याळंही. निर्यातीवर जगणाऱ्या धंद्याला हा घाव केवढा! सुमारे ९० हजार कामगारांपैकी ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जेमतेम तिसरा हिस्सा उरला. स्विस घड्याळवाल्यांना ‘झोपलेले’ म्हणणं अन्यायाचं आहे.

१९८३ चं विलीनीकरण झालं ते ओमेगा-तिसोचा समूह आणि आसुआग या दोन कर्जबाजारी समूहांचं, धनको बँकांच्या रेट्याने. हायेक तेव्हा सल्लागार होते. मालकी त्यांनी आणि इतर गुंतवणूकदारांनी नंतर घेतली. त्यांची दूरदृष्टी मला मान्य आहे. पण स्वॉच घडवलं आसुआगच्या एटा कारखान्यात एर्न्स्ट टोमके यांच्या हाताखाली एल्मार मोक आणि जाक म्युलर या अभियंत्यांनी. त्यात अवघे ५१ भाग होते. आणि ते घड्याळ चावीचं नव्हतंच, क्वार्ट्झचं होतं.